निवृत्त स्लेड-कुत्री (बर्फावरची घसरगाडी ओढणारी) घरी आणायची आहेत, जमेल तेवढं स्लेडिंगही शिकायचंय. सुरुवात कशी करावी?

उत्तरकाठ (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मिनेसोटात, डुलुथच्या उत्तरेला राहतो. अडीच एकर जागा, मागे पाइनचं रान. जानेवारीअखेरची बेअरग्रीज ही स्लेड-कुत्र्यांची शर्यत बघून हे खूळ डोक्यात शिरलंय. जवळचं एक केनेल (स्लेड-कुत्री पाळतात ती जागा) दोन निवृत्त अलास्कन हस्की द्यायला तयार आहे. ९ वर्षांची मादी, लीडला (सगळ्यात पुढे) धावायची, आणि ८ वर्षांचा नर, व्हीलला (सगळ्यात मागे, स्लेडला लागून). दोघंही साधारण २२ किलो. शर्यत वगैरे काही करायची नाही. शनिवार-रविवार थोडं धावणं आणि एरवी घरचं कुत्रं, एवढीच अपेक्षा. याआधी फक्त लॅब्राडोर पाळलाय.

दोन कुत्र्यांवर स्लेड चालते का? या वयात त्यांना धावायला लावणं बरोबर आहे का? सामान काय घ्यायचं? आणि आयुष्यभर बाहेर साखळीला राहिलेलं कुत्रं घरात रुळतं का?

रानवाट:

वयाचं आधी. ९ हे काही जख्ख म्हातारपण नाही. अलास्कातल्या देनाली नॅशनल पार्कचं स्वतःचं केनेल १९२२ पासून आहे, तिथली कुत्री साधारण नवव्या वर्षी निवृत्त होतात आणि मग लोकांना दत्तक देतात, तीसुद्धा थंड प्रदेशातल्या, भरपूर चालणाऱ्या-फिरणाऱ्या घरांना. अशा कुत्र्याला एकदम सोफ्यावर बसवलं तर स्नायू झपाट्यानं उतरतात आणि सांधे आखडतात. काम हवंच, फक्त ओझं आणि अंतर तुम्ही ठरवायचं.

आता दोन कुत्र्यांवर स्लेड. सपाटी, दाबलेला कडक बर्फ, हलका माणूस आणि एक पाय सतत ढकलता, एवढं जुळलं तर चालते. चढ आला की उतरून मागून पळायचं. प्रौढ माणसाला नीट न्यायला तीन लागतात, चढउताराच्या भागात चार. तुम्ही अधिक स्लेड अधिक सामान म्हणजे ९०-१०० किलो, ते या दोन म्हाताऱ्यांच्या छातीवर टाकू नका. पहिल्या हिवाळ्यात स्लेड विकतच घेऊ नका असं मी म्हणेन. दोन पर्याय आहेत.

स्की येत असेल तर स्कीजोरिंग, म्हणजे तुम्ही स्कीवर आणि कुत्री पुढून ओढतात. कमरेला नाही, नितंबावर बसणारा रुंद पट्टा, मांड्यांतून जाणारे बंद असलेला. पट्ट्यापासून कुत्र्यापर्यंत अडीच ते तीन मीटरची दोरी, तिच्यात रबरी बंजीचा तुकडा आणि तुमच्या बाजूला क्विक रिलीज, म्हणजे झटक्यात सुटणारा आकडा. स्की क्रॉस-कंट्रीच्याच, धातूची कड असलेल्या अजिबात नकोत, कारण तुम्ही कुत्र्यावर घसरत गेलात तर ती कड मागच्या पायाची शीर कापते. आणि स्नोप्लाउ करून (स्कीची पुढची टोकं जवळ आणून) उतारावर थांबता येत नसेल तर आधी कुत्र्यांशिवाय ते शिका.

स्की येत नसेल तर किकस्लेड. पुढे खुर्ची, मागे दोन लांब पोलादी पट्ट्या, स्कँडिनेव्हियात म्हाताऱ्या बायका जिच्यावरून बाजारहाट करतात ती. रानातल्या बर्फासाठी पट्ट्यांवर प्लास्टिकचे रुंद रनर चढवायचे, नाहीतर ती रुतते.

बर्फ पडण्याआधी, ऑक्टोबरात, जाड टायरची आणि चांगल्या ब्रेकची किक-स्कूटर. पारा १० अंशांच्या वर असेल तर नाही. सुरुवात २ किमीपासून, पहाटे.

केनेलमध्ये गेलात की गोड डोळे बघून हो म्हणू नका. मालकाला सांगा, ही जोडी माझ्यासमोर ३-४ किमी पळवा. टगलाइन (कुत्रं जिनं ओढतं ती दोरी) सतत ताणलेली हवी, मधूनमधून सैल पडत असेल तर कुत्रं ओढत नाहीये, आणि निवृत्त कुत्र्यात त्याचं कारण बहुधा दुखणं असतं. डोकं बघा. पुढचा एक पाय टेकताना दर वेळी डोकं वर उचललं जात असेल तर तो पाय दुखतो. मग वीस मिनिटं बसू द्या आणि उठताना पुन्हा बघा, खरा लंगडेपणा तेव्हा कळतो. विचारायचं ते असं: निवृत्त का केलं, खांदा किंवा मनगट कधी दुखावलं का, फिट कधी आली का, मांजर आणि लहान कुत्र्यांशी कसं वागतं, खाताना दुसऱ्यावर गुरगुरतं का. जमत नसेल तर परत घेऊ, असं मालकाकडून आधीच कबूल करून घ्या. चांगली केनेलं स्वतःहूनच हे सांगतात.

बिनकासऱ्याची गाडी:

रानवाट यांनी स्लेड नको म्हटलंय तरी आज ना उद्या घेणारच, म्हणून सामानाचं लिहितो.

आपल्याकडच्या लोकांना समजवायचं तर ही बैलगाडीच आहे, फक्त कासरा नाही आणि वेसणही नाही. हातात काहीच नसतं. सगळं तोंडानं आणि ब्रेकनं.

मधली मुख्य दोरी ती गँगलाइन, गाडीच्या धुरेसारखी. तिला दर जोडीमागे साधारण २.४ मीटर लांबी. तिच्यापासून प्रत्येक कुत्र्याच्या हार्नेसच्या (अंगावरच्या पट्ट्यांच्या) शेपटीकडच्या फासाला टगलाइन, ११०-१३० सेंमी. ओढ सगळी हिच्यावर. गळपट्ट्याला नेकलाइन, २५-३५ सेंमी, ती ओढायला नसते, कुत्रं ओळीबाहेर जाऊ नये म्हणून असते. नेकलाइन ताणलेली आणि टगलाइन सैल दिसली तर ते कुत्रं ओढत नाहीये, गळ्यानं फरफटतंय. लगेच थांबा. दोऱ्या पोकळ विणीच्या पॉलिएथिलीनच्या, मुख्य ९-१० मिमी, टग ६ मिमी. त्या पाणी शोषत नाहीत म्हणून गोठून काठीसारख्या होत नाहीत. गाठी मारू नका, दोरी दोरीतच ओवून जोड करतात. गाठीत दोरी कमजोर होते, आणि -२० ला हातमोजे घालून गाठ सोडवून बघा एकदा.

हार्नेस एक्स-बॅक, म्हणजे पाठीवर पट्ट्यांची फुली असलेला. डोक्यातून घालताना जरा घट्टच जायला हवा. गळ्याशी दोन बोटं सपाट जावीत, तीन जात असतील तर मोठा आहे आणि खांद्यावर सरकून घासणार. पुढचा व्ही छातीच्या हाडावर, श्वासनलिकेवर नाही. शेपटीकडचा फास मागे ओढून धरला की बरोबर शेपटीच्या मुळाशी यायला हवा. एक्स-बॅक मागून, खालून ओढण्यासाठी बनवलेला आहे. स्कूटरला दोरी वर चढते, तिथे आखूड हार्नेस बरा.

स्लेडवर हवंच असं: दातेरी ब्रेक, स्नोमोबाइलच्या पट्ट्याच्या तुकड्याची ड्रॅग मॅट (मागे घासत येते, तिच्यावर पाय देऊन वेग कमी करायचा), आणि स्नो हुक. हा दोन नखांचा पोलादी आकडा बर्फात पायानं दाबून बसवायचा. हुकची दोरी स्लेडच्या लाकडाला बांधू नका, ब्रिडलच्या (स्लेडला गँगलाइन जिथे जोडतात त्या दोरीच्या) कडीला बांधा, म्हणजे ओढ थेट गँगलाइनवर येते. भुसभुशीत बर्फात आणि नुसत्या गोठलेल्या तळ्यावर हुक धरत नाही, तिथे स्नब लाइन, म्हणजे स्लेड झाडाला बांधायची दोरी. तिचा क्विक रिलीज ताण असताना सुटतो का हे घरी ओढून बघा. बरेचसे स्वस्त क्विक रिलीज ताणाखाली अडकतात, आणि ते नेमकं तुम्ही निघताना कळतं.

क्रम असा. आधी स्लेड झाडाला. गँगलाइन सरळ पसरा. हार्नेस घाला. आधी लीड जोडा, तिला 'लाइन आउट' म्हटलं की ती दोरी ताणून उभी राहील, निवृत्त लीड डॉग घेण्यातली अर्धी मजा हीच. मग बाकीची, प्रत्येकाची आधी नेकलाइन, मग टग. ब्रेकवर उभे राहा, मग स्नब सोडा. परत आल्यावर उलटं, हुक रोवून, स्नब बांधून, सगळ्यात आधी टगलाइनी सोडा, म्हणजे ओढ संपते.

आणि पडलात तरी हँडलबार सोडायचा नाही. पोटावर फरफटत गेलात तरी धरून ठेवा. माणूस पडला की स्लेड हलकी होते, कुत्री जोरात पळतात, पुढे रस्ता असतो किंवा उतारावर मोकळी स्लेड व्हील डॉगच्या पायांवर चढते. उतारावर ड्रॅग मॅटवर वजन द्या, दोऱ्या ताणलेल्या राहायला हव्यात. सैल दोरीत पाय अडकला की खांदा गेलाच.

आज्ञा: 'हाइक' चला, 'जी' उजवीकडे, 'हॉ' डावीकडे, 'ऑन बाय' दुर्लक्ष करून पुढे, 'वो' थांबा. 'मश' कोणी म्हणत नाही, तो फ्रेंच 'मार्श'चा सिनेमातला अवतार आहे. वेग ताशी १५ किमी धरला तर सेकंदाला ४ मीटर, म्हणून फाट्याच्या १२-१५ मीटर आधी, एकदाच, साध्या आवाजात सांगा. पुन्हापुन्हा ओरडलात तर ती ऐकणं सोडून देईल. आणि हो, मागून चालणाऱ्या बायकोनं 'अहो' म्हणून हाक मारली तर गाडी डावीकडे वळू शकते, तेवढं नाव घ्यायला शिका.

सदाशिवपेठी:

अवांतर: पुण्यात मित्राकडे हस्की आहे, दोन वर्षांचा. त्याला असं काही ओढायला शिकवता येईल का?

रानवाट:

@सदाशिवपेठी, डिसेंबर-जानेवारीत पहाटे, पारा १२ च्या खाली असताना, हार्नेस आणि बंजीची दोरी लावून माणसानं त्याच्यामागे २-३ किमी पळायचं. याला कॅनिक्रॉस म्हणतात. बाकी दहा महिने नाही. जीभ रुंद होऊन टोकाला चमच्यासारखी वळली, मागचे पाय डगमगले, की सावलीत घेऊन पोटावर आणि जांघेत पाणी, आणि थेट डॉक्टर.

गोठणबिंदू:

सामानावर काही म्हणणं नाही, किकस्लेडबद्दल आहे. तिला ब्रेक नसतो. उत्साही जोडी आणि उतार असेल तर बूट घासत जाण्यापलीकडे हातात काही राहत नाही. ड्रॅग मॅटचा तुकडा आणि छोटा हुक लावल्याशिवाय वापरू नका. दुसरं, तीन किलोमीटरवर एखादं लंगडायला लागलं तर त्याला आणायचं कशात? स्लेडच्या बास्केटमध्ये डॉग-बॅगेत घालून आणता येतं, किकस्लेडच्या खुर्चीवर २२ किलोचं कुत्रं बांधावं लागतं आणि ते बसत नाही. मी तर म्हणेन, पहिले तीन-चार महिने त्याच केनेलच्या माणसाबरोबर त्यांच्या स्लेडवर, त्यांची आणखी दोन तरुण कुत्री जोडून शिका. तुमची मादी लीडला, तिला वाटा पाठ आहेत, ओढायला तरुण. म्हातारीचं डोकं आणि पोरांचे पाय.

रानवाट:

ड्रॅग मॅटचं बरोबर, लिहायचं राहिलं. केनेलबरोबर शिकता आलं तर उत्तमच, माझा आक्षेप एकट्यानं स्लेड घेऊन जाण्याला आहे.

पशुवैद्य_परदेशी:

घर आणि तब्येतीबद्दल मी लिहिते, पेशा तोच आहे.

खाणं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ही कुत्री दिवसाला १०,००० किलोकॅलरीच्या आसपास खातात. हाडात बसलेली ती सवय आहे, तुम्ही द्याल तेवढं संपवतील. हिशोब असा: किलोतल्या वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. २२ किलोला साधारण ७१० येतात. घरी बसलेल्या, नसबंदी झालेल्या म्हाताऱ्याला त्याच्या १.४ पट, म्हणजे १,००० किलोकॅलरी. धावण्याच्या दिवशी तीस-चाळीस टक्के वर. केनेलचा आहार तीन-चार आठवड्यांत उतरवत आणा, एकदम नको. बरगड्या हाताला लागायला हव्यात. लॅब्राडोरच्या नजरेनं बघाल तर उपाशी वाटेल, तो त्यांचा बांधा आहे.

धावण्याच्या दीड-दोन तास आधी कोमट पाण्यात मांसाचा रस किंवा मूठभर खाद्य कालवून अर्धा लिटर पाजा. नुसतं पाणी थंडीत ती पीत नाहीत, आणि बर्फ चाटून तहान भागत नाही. भरल्या पोटी पळवू नका, पोट पिळवटण्याचा धोका असतो.

आपल्या स्वयंपाकघरातलं: कांदा-लसूण कुठल्याच रूपात नाही, म्हणजे उरलेली भाजी, आमटी, रस्सा बाद. मनुके-बेदाणे मूत्रपिंड निकामी करतात, तेव्हा शिऱ्याचा प्रसाद पाहुण्यांनी प्रेमानं भरवू नये हे आधीच सांगा. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलेलं पीनट बटर आणि च्युइंगगम जीवघेणं. तुमच्या कपाटातली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल नाही. सांधेदुखीला कुत्र्यांची वेगळी औषधं असतात, रक्त तपासून देतात.

पहिल्या तपासणीत थायरॉइडचा आकडा कमी आला तर घाबरू नका. अलास्कन स्लेड-कुत्र्यांत टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक इतर जातींपेक्षा मुळातच खाली असतो. डॉक्टरांना कुत्र्याची पार्श्वभूमी सांगा, नाहीतर नको ती गोळी सुरू होईल. दात बघून घ्या, साखळी आणि भांडी चावून झिजलेले असतात. तुमच्या भागात डास आणि गोचीड भरपूर, हार्टवर्मची (डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंताची) तपासणी आणि वर्षभराचं औषध हवं.

मादीची नसबंदी झाली आहे का? केनेलमध्ये बरेचदा झालेली नसते. नऊ वर्षांच्या मादीत माज येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत गर्भाशयात पू होऊ शकतो. खूप पाणी पिणं, मलूलपणा, खालून स्राव, कधीकधी स्राव नसतोच. ते रात्री दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.

पाय. प्रत्येक वेळी परत आल्यावर पंजा उलटा करून बोटांच्या बेचक्यात अंगठा फिरवा. लाल रेघ, चीर, केसांत अडकलेली बर्फाची गोळी, हे डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याला कळतं. शून्याच्या आसपासचा ओला ताजा बर्फ बोटांत गोळे करतो, खूप थंडीत आणि कडक पापुद्र्यावर कातडी सोलते, दोन्ही वेळा बुटी (पंज्याचा मोजा) घाला. कापडी बुटीचा पट्टा मनगटाच्या वर घट्ट आवळलात तर पाय सुजतो. थांबलात की काढा. बुटी उलटी करून तळ बघा, भोक पडलं असेल तर आत बर्फ जातो आणि ती न घालण्यापेक्षा वाईट.

घरात रुळतात, पण जिना, काचेचं दार आणि गुळगुळीत फरशी ही तिन्ही त्यांनी पाहिलेलीच नसतात. वाटेवर सतरंज्या टाका. पहिले तीन-चार आठवडे दर दोन तासांनी बाहेर, आणि एका खोलीपुरतंच घर. नर खुणा करेल, रागावू नका, उचलून बाहेर न्या. आणि आत-बाहेर असं रोज मिश्र नको. २१ अंशांत झोपणाऱ्या कुत्र्याची लोकर दाट होत नाही, मग त्याला रात्री -२५ ला बाहेर ठेवता येणार नाही. अलास्कनची लोकर सायबेरियनपेक्षा पातळच असते, वय झालं की बाहेर पडताना जाकीट लागतं. बाहेर ठेवणार असाल तर पेटी लहान, जेमतेम वळता येईल एवढी, तोंड वाऱ्याच्या उलट, आत गव्हाचं किंवा ओटचं काड. वाळलं गवत नाही, ते ओल धरतं आणि बुरशी येते.

गोठणबिंदू:

कुंपण ६ फूट, आणि तळाशी जाळी आतल्या बाजूला दीड-दोन फूट जमिनीत आडवी पसरून पुरा. वरून उडी मारणारी थोडी, खालून जाणारी फार. पट्टा सोडून मोकळं कधीच नाही, 'ये' म्हटल्यावर येणं या कुत्र्याला कोणी शिकवलेलं नसतं, त्याला सरळ पुढे जायला शिकवलंय. मार्टिंगेल पट्टा (ओढला की जरा आवळणारा) घ्या, यांची मान डोक्यापेक्षा जाड असते आणि साधा पट्टा मागे सरकून निघतो. चिप तुमच्या नावावर करून घ्या. शेजाऱ्यांच्या कोंबड्या आणि मांजरांबद्दल वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचे दिवस असतात, कुत्र्यांना आणि तुम्हाला भगवी जाकिटं. तुमच्या वाटांवर कुत्र्यांना परवानगी आहे का तेही आधी विचारा, क्लासिक स्कीसाठी आखलेल्या मार्गांवर बहुधा नसते, आणि तो माग पंजांनी उखडला की स्कीवाले बरोबरच चिडतात.

उत्तरकाठ (धागाकर्ता):

सगळ्यांचे आभार. दोघं शुक्रवारी घरी आली. नसबंदी दोघांचीही झालेली आहे. नर मजेत. मादीनं आज तिसऱ्या दिवशीही नीट खाल्लेलं नाही, वाटी हुंगते आणि लांब जाते. पाणी थोडं पिते. उलटी-जुलाब नाहीत. काय करू?

पशुवैद्य_परदेशी:

कोरडं खाद्य स्टीलच्या वाटीत, स्वयंपाकघरात, असंच देताय ना? केनेलमध्ये तिनं हे कधी पाहिलेलं नाही. तिथे बादलीत गरम पाण्यात खाद्य आणि मांस भिजवून डावानं वाढतात, सगळ्यांना एकाच वेळी. केनेलला फोन करून तोच ब्रँड, तीच वेळ विचारा. खाद्य कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, वर थोडी चरबी, बाहेर अंगणात, नराला तिच्यापासून दहा फुटांवर पण तिला दिसेल असं ठेवून, दोघांना एकदम वाढा. पंधरा मिनिटांत खाल्लं नाही तर उचला, पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नका, हातानं भरवू नका. हिरड्या दाबून बघा, बोट काढल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हव्यात. उद्या सकाळीही नाही खाल्लं, किंवा हिरड्या फिक्या-चिकट वाटल्या, तर दवाखान्यात घेऊन जा.

बिनकासऱ्याची गाडी:

आणि वाढायच्या आधी बादलीवर डाव दोनदा वाजवा.

उत्तरकाठ (धागाकर्ता):

वाजवला. दोघं ओरडायला लागली, शेजारचे दिवे लागले. वाटी चाटूनपुसून साफ.